‘इट सीम्स’ खोडायचं की नाही

अक्का,

तुम्ही गेल्याचं मला खाजाभाईंनी सांगितलं. आपल्या कॉलेजचे शिपाई. मी दुसऱ्या तासाला वर्गावर होतो. त्यांनी दारातून मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "साब, मॅडम गुजर गए कते."

"कौन बोल्या?"

"दवाखाने से आदमी आया सो. उसको डाक्टर बोल्या कते."

दोन वेळा ‘कते’. आपल्याकडच्या उर्दूत ऐकीव गोष्टीच्या शेवटी लागणारा हा शब्द. मराठीत आपण जिथं ‘म्हणे’ म्हणतो, तिथं. म्हणजे तुमच्या मरणाच्या आणि माझ्या मध्ये दोन माणसं उभी होती, आणि खाजाभाईंनी दोघांचीही नीट नोंद दिली होती. मला त्या वेळी एवढंच सुचलं. रडू आलं नाही. मी वर्गात परत गेलो आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण सांगितलं. मुलांनी ते उतरवून घेतलं. मग मी डस्टर उचलून फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर वाटेल, काय माणूस आहे. तुम्हाला वाटणार नाही. आपण इतकी वर्षं ज्या दोन इंग्रजी शब्दांवरून भांडत आलो, ते याच ‘कते’चं भाषांतर होते.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्या सुमारास मी बिदरला या कॉलेजात इंग्रजी शिकवायला आलो. तुम्ही आधीपासून होतात. पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या इंग्रजीच्या दोन तुकड्या. ‘अ’ माझ्याकडे आली, ‘ब’ तुमची होती. पहिल्या सहामाहीचे पेपर आपण स्टाफरूममध्ये समोरासमोर बसून तपासत होतो. निबंध बिदरच्या किल्ल्यावर होता. मी लाल शाईनं खोडत चाललो होतो, आणि बहुतेक तोंडानं आवाजही करत असेन, कारण तुम्ही मान वर न करता विचारलंत, "काय खोडायलाव एवढं, सर?"

"इट सीम्स. बघा ना मॅडम. ‘द किंग बिल्ट द फोर्ट इट सीम्स.’ ‘देअर इज अ टनेल इट सीम्स.’ जिथं तिथं इट सीम्स. राजानं किल्ला बांधला की नाही बांधला?"

"बांधताना पोरानं पाह्यलंय का?"

"नाही."

"मग बरोबर लिव्हलंय."

"मॅडम, ही चूक आहे."

"चूक हाय. खोटं न्हाई."

मी हसलो, कारण मला वाटलं तुम्ही गंमत करताय. तुम्ही पेन खाली ठेवलंत. मराठी बोलणारं पोर ‘म्हणे’ म्हणतं, कन्नडवालं ‘अंते’ म्हणतं, मुसलमानाचं पोर ‘कते’, आणि औरादकडून येणारी तेलुगू पोरं ‘अट’. या भागातल्या प्रत्येक भाषेत पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवायला एक बारका शब्द आहे, आणि ही पोरं बोलायला लागल्यापासून तो न चुकता वापरतात. इंग्रजीत तसा शब्द सापडत नाही, म्हणून वाक्याच्या मागं ‘इट सीम्स’ चिकटवतात. आपण ते खोडतो. खोडल्यावर उरतं काय, तर किल्ल्याखाली भुयार आहे. न पाहिलेल्या भुयाराची पोरगा साक्ष देतो आणि आपण त्याला मार्क देतो. हे सगळं तुम्ही शांतपणे सांगितलंत आणि खाजाभाईंकडून चहा मागवलात. "तम्मा, बिस्किट घे," म्हणालात. धाकट्या भावाला कन्नडमध्ये म्हणतात ते तम्मा. त्या दिवसापासून मुलांसमोर मी ‘सर’ आणि ‘तुमी’ होतो, मुलं नसली की ‘तम्मा’ आणि ‘तू’. मीही मॅडम म्हणायचं सोडून अक्का म्हणू लागलो. ‘इट सीम्स’ मात्र मी खोडतच राहिलो.

आपल्या दोन वर्गांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती, छतापर्यंत न गेलेली. तुमचा तास मला ऐकू यायचा. माझा तुम्हाला. तुम्ही एकदा म्हणाला होतात की माझा तास ऐकताना आकाशवाणीच्या संथगतीच्या बातम्या ऐकल्यासारखं वाटतं. मी नोट्स सांगत असे, स्वल्पविरामासकट, आणि मुलं लिहून घेत. तुमच्याकडे कायम गलका असायचा. प्राचार्यांनी दोनदा खाजाभाईंना पाठवलं होतं, वर्गात मॅडम आहेत की नाहीत ते बघायला.

मन्नाएखेळ्ळीच्या शिवराजचा तास तुम्हाला आठवत असेल. तो माझ्या गावचा, म्हणून माझे कान जरा जास्त उघडे होते. निबंध होता खेड्यातलं जीवन. त्यानं वाचलं, "विलेज लाइफ इज पीसफुल इट सीम्स."

"इट सीम्स कामून रे?"

"गाइडात हाय मॅडम. शांत असतंय म्हणे."

"तू कुठला?"

"मन्नाएखेळ्ळीचा."

"घर कुठं हाय?"

"हायवेला लागूनच."

"मग? शांत हाय का?"

"कुठलं शांत मॅडम. ट्रका जायलेत दिवसरात. आवाज बंद पडला तर आमची म्हातारी दचकून उठती."

तुमचा वर्ग हसला. भिंतीअलीकडे माझाही हसला. मला नोट्स थांबवाव्या लागल्या. तुम्ही त्याला म्हणालात, "मग तू त्या गाइडवाल्याला भितोस कामून? त्याचं त्याच्या नावावर टाक. तुझं तुझ्या नावावर." तासाच्या शेवटी त्यानं पुन्हा वाचलं. पुस्तकात लिहिलंय की खेडं शांत असतं. माझं घर हायवेवर आहे, तिथं शांतता नाही. म्हणून पुस्तकातलं खेडं हायवेपासून लांब असावं. क्रियापदांचे काळ चुकलेले होते, आर्टिकल एकही जागेवर नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आता भांडायलास. ह्याला म्हणतेत निबंध."

ती तुमची पद्धत होती, आणि मी आज ती जितकी नीट सांगू शकतो तितकी तुम्ही कधी सांगितली नाहीत. निबंधातलं एकेक वाक्य एकानं मोठ्यानं वाचायचं. बाकीच्यांनी ते आपल्या भाषेत म्हणायचं आणि शेवटी ‘म्हणे’ लागतं का ते बघायचं. लागत असेल तर कोण म्हणे, त्याचं नाव इंग्रजीत वाक्याच्या पुढं आणायचं. लागत नसेल तर ते वाक्य आपलं, मग कामून ते सांगायचं. सांगता आलं नाही तर वाक्य काढायचं. कधीकधी तासाला एकच वाक्य जगायचं. तुमच्या मुलांचे निबंध आखूड असत. पण ते वाचताना कोण बोलतंय ते कळायचं. माझ्या तुकडीचे निबंध दीड पान असत आणि सगळ्यांचे मिळून एकाच माणसानं लिहिलेले. तो माणूस मी होतो.

तरीही माझी बाजू होती, आणि ती मी आज सोडत नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर आपण तपासत नाही. विद्यापीठात जातात. तिथं कोणी तरी गठ्ठे उपसत असतो, त्याला शिवराजची म्हातारी माहीत नाही. त्याला गाइड माहीत आहे. तुमच्या तुकडीचा निकाल दरवर्षी माझ्यापेक्षा कमी लागायचा. मी ते एकदाच मोठ्यानं बोललो. "अक्का, आधी पास होऊ द्या. विचार काय, पास झाल्यावरही करता येतो."

"पास झाल्यावर कोण करतंय? तू केलास का?"

"तुम्ही विषय बदलताय."

"न्हाई बदलत. तुमचं शरणांचं, लिंगायताचं घर. आठशे वर्षांमागं तुमच्या लोकायनी सगळ्याला कामून म्हणून विचारलं. आता तुमी आराम करायलाव. आमी कालपरवा सुरू केलाव बाबा, आमाला एवढ्यात बसता येत न्हाई."

तुम्ही हसत म्हणालात म्हणून मीही हसलो. मग तुम्ही तुमच्या गावची, खजुरीची गोष्ट सांगितलीत. तुमच्या अप्पांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा तुम्ही शाळेत होतात. पेरणीच्या दिवसांत तुमच्या लोकांनी चपला घालून पेठेतून गेलं तर पाऊस लांबतो, असं गावात म्हणत. अप्पा नव्या चपला घालून मुद्दाम पेठेतून गेले. एका म्हाताऱ्यानं अडवलं. "पाऊस लांबतो म्हणे रं." अप्पा म्हणाले, "लांबतो म्हणे का लांबतो? तुमी पाह्यलाव का?" म्हातारा प्रामाणिक होता. म्हणाला, पाहिलेलं नाही. अप्पा म्हणाले, मग औंदा बघू.

"आणि?" मी विचारलं.

"लांबला की," तुम्ही म्हणालात. तुम्हाला हसू आवरेना. "चांगला महिनाभर लांबला. अप्पाला घराबाहेर पडायची सोय ऱ्हायली न्हाई. पुढल्या साली अप्पाचा पाय मोडला. पुरी पेरणी बाजेवर पडून. चपला खुंटीला. तरी लांबला. मग अप्पा बाजेवरनं त्या म्हाताऱ्याला वरडून इचारायचे, काका, औंदा कुणाच्या चपला?"

असं काही मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. माझ्या घरात अडचण झाली की आम्ही देवघराकडे बघत असू, नाहीतर अडतीच्या दुकानाकडे. तुमच्या घरात लोक दुसऱ्या वर्षीच्या पावसाची वाट बघत. मला तुमच्याकडून जे काही मिळालं त्याला मी आता नाव शोधतो आहे आणि सापडत नाही. पण गेली काही वर्षं वर्तमानपत्र वाचताना, लग्नात कुणी मोठं माणूस ठामपणे काही बोलताना, माझ्या डोक्यात आपोआप ‘म्हणे’चं शेपूट लागतं. त्यामुळे मी थोडा कमी घाबरतो. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आपली शेवटची भेट नौबादच्या थांब्यावर झाली. तुम्ही सुट्टीवर होतात, पिशवीत भाजी होती आणि चेहरा उतरलेला होता. मी तब्येतीचं विचारलं. तुम्ही नेहमीसारखं हातानं उडवून लावलंत आणि भलतंच बोललात.

"तम्मा, औंदा मी बी थोड्या नोट्स द्यावं म्हणायलेय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"महादेवी आठवती का, मागच्या साली माझ्या तुकडीत? इंग्रजीत नापास झाली. बापानं पंधरा दिवसांत लगीन लावून दिलं. परवा बाजारात भेटली. मला म्हणती, मॅडम, मला अजून ‘म्हणे’ लागतंय का ते कळतंय. घरात इचारायला कुणी न्हाई." तुम्ही रस्त्याकडे बघत होता. "पोरगं नापास झालं तर पुन्ना बसतंय. पोरीचं तसं न्हाई. हे मला अदुगर दिसायला पाह्यजे व्हतं. तुझं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं न्हाई."

मला तुम्हाला सांगायचं होतं की या सहामाहीला मी ‘इट सीम्स’ खोडलं नाही. खाली रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, कोण म्हणे? एका मुलीनं पेपर परत मिळाल्यावर विचारलं होतं, सर, उत्तर लिहून आणलं तर चालेल का? आणि तिनं खरंच आणलं. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण तुमचं बोलणं ऐकून मी गोंधळलो. तुम्ही माझ्या बाजूला यायला निघाला होता आणि मी तुमच्या, आणि वाटेत आपण एकमेकांना ओलांडून पुढं गेलो होतो. कुणी कुणाला थांबवायचं? तेवढ्यात बस आली. तुम्ही म्हणालात, "कॉलेजात आल्यावर भांडू सावकाश."

मी तुमच्या घरी आलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. तुमचे पुतणे खजुरीहून आले होते. वंदना झाली. मी तुमचा चेहरा पाहिला. आता ‘कते’ नको, मी स्वतः पाहिलं, असं मला मनात म्हणावंसं वाटलं आणि तेही जमलं नाही. सगळं मोजकं आणि दूर होतं, काचेपलीकडं असावं तसं. परत येताना मी दुकानातून नेहमीची साखर घेतली.

कॉलेजच्या शोकसभेत प्राचार्य बोलले. तुम्ही विद्यार्थिप्रिय होतात, तुमच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली, ती भरून निघणार नाही. तुमच्या तुकडीची मुलं मागच्या भिंतीला उभी होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. एकेका वाक्याला त्यांचे ओठ किंचित हलत होते. काय लावून बघत होती ते मला ठाऊक होतं. मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो की मॅडमचा आणि माझा वाद अपुरा राहिला आहे, आणि खाली बसलो. काहींना ते आवडलं नाही.

सभेनंतर प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं. "परीक्षा तोंडावर आलीय. दोन्ही तुकड्या एकत्र घ्या. त्यांच्या पोरांचं काही लिहून झालेलं नाही, सगळी गडबड आहे. नोट्स देऊन टाका." मी ‘बरं’ म्हणालो. तुम्ही असतात तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि मी तुमच्याशी भांडून होय म्हणायला भाग पाडलं असतं, आणि मग आपण दोघांनी मिळून काहीतरी तिसरंच केलं असतं. आता होय म्हणायलाही मीच आणि नाही म्हणायलाही मीच. रात्रीच्या जेवणात मीठ नव्हतं असं बायको दुसऱ्या दिवशी म्हणाली. मला कळलं नव्हतं.

काल पहिला एकत्र तास झाला. तुमची मुलं आली आणि मागच्या बाकांवर बसली. माझी पुढं होती, वह्या उघडून. तुमच्यातली भारती, नौबादच्या गवंड्याची मुलगी, उभी राहिली.

"सर, नोट्स देणार न्हवं?"

मला वाटलं होतं तुमच्याकडून कुणी तरी नोट्स नकोत म्हणेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

"देतो," मी म्हणालो. "पण प्रत्येक वाक्य कुणाचं आहे, ते समासात लिहायचं. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहायचं."

पुढच्या बाकांवर चुळबूळ झाली. माझ्याच तुकडीतला इरण्णा म्हणाला, "सर, हे परीक्षेत बी लिव्हायचं का?"

मी विचार करत होतो. खरंच करत होतो अक्का. तेवढ्यात मागून भारती म्हणाली, "परीक्षेत कामून? तिथं नोट्स लिव्ह. समास आपल्यासाठी हाय."

"मग दोनदा पाठ करायचं का?" इरण्णा मागं वळला. "एक त्यांच्यासाठी, एक आपल्यासाठी?"

"व्हय. तुझा काय बाप लगीन लावायलाय का तुझं? मी पास व्हायला पाह्यजे. पास झाले तर पुढं बोलता येईल."

"असं म्हणत म्हणत कोणीच बोलत न्हाई," इरण्णा म्हणाला. हा मुलगा वर्षभर माझ्यासमोर बसून स्वल्पविराम उतरवत आला होता. "आमच्या अण्णानं बीए केलं. फर्स्ट क्लास. त्याला काय बी इचारा, गाइडातलं सांगतंय."

"तुझ्या अण्णाला नोकरी हाय का न्हाई?"

"हाय."

"मग?"

वर्ग हसला. शिवराजचा धाकटा भाऊ माझ्या तुकडीत आहे, तो म्हणाला की नोकरी आहे म्हणून अण्णा बरोबर, हे कुठलं गणित. भारती म्हणाली, तुला घरात कुणी विचारत नाही म्हणून तुला गणित सुचतंय. दोन मुली तिच्या बाजूला झाल्या. तुमच्या बाकांवरचा एक मुलगा उठून पुढं इरण्णाशेजारी येऊन बसला, जागा नव्हती तरी. बोलणं मराठीतून कन्नडमध्ये गेलं, कुणी तरी मध्येच इंग्रजीत "आय डोंट अग्री" म्हणालं आणि स्वतःच लाजलं. दारात खाजाभाई येऊन उभे राहिले. प्राचार्यांनी पाठवलं असणार, वर्गात सर आहेत की नाहीत ते बघायला. मी मान हलवली. ते गेले नाहीत, ऐकत राहिले.

मी खडू हातात धरून फळ्याशी उभा होतो. माझं म्हणणं तुमची पोरगी मांडत होती, आणि मी कधी मांडलं नव्हतं तितक्या नेटानं. तुमचं म्हणणं माझा पोरगा मांडत होता. दोघांनाही थांबवावंसं वाटलं नाही. पण भारती हरू नये असं मला वाटत होतं, आणि इरण्णा गप्प बसू नये असंही.

घंटा झाली. नोट्सचं पहिलं वाक्यसुद्धा सांगून झालं नव्हतं. भांडण मिटलेलं नव्हतं. ते तसंच दारातून वऱ्हांड्यात गेलं.